इंजेक्शन लागू पडलं, तरी मूल गप्प का?

या वेळच्या सदरात उंची कमी असलेल्या आणि त्यासाठी उपचार घेणाऱ्या मुलामुलींविषयीची पत्रं घेतली आहेत. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांची ही पत्रं आहेत. मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून फक्त गावाचं नाव ठेवलं आहे.

प्रश्न : माझा मुलगा साडेतेरा वर्षांचा, आठवीत आहे. वाढीचं हार्मोन कमी पडतं असं निदान झालं आणि मुंबईला दाखवून रोज रात्रीचं इंजेक्शन सुरू केलं. वर्षभरात 10 सेंटिमीटर वाढला. डॉक्टर समाधानी आहेत, आम्हीही. तो मात्र पूर्वीपेक्षा गप्प झालाय. सहलीला गेला नाही, संध्याकाळचं क्रिकेटही सोडलं. औषध लागू पडलंय, मग याला झालंय काय? (एक आई, देवगड)

10 सेंटिमीटर ही उत्तम वाढ आहे. उपचार नसते तर या आजारात वर्षाला 3-4 सेंटिमीटरवरच गाडी अडली असती. पण तुम्ही भिंतीवरच्या खुणा बघता आणि तो शाळेत उंचीप्रमाणे लागणारी प्रार्थनेची रांग बघतो. आठवी-नववीतली मुलं नेमकी याच वयात झपाट्याने वाढतात. वयात येण्याच्या ऐन भरात मुलगा वर्षाला 8 ते 10 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तुमचा मुलगा 10 वाढला आणि शेजारी बसणारा मित्रही तेवढाच वाढला. रांगेत तो आजही पहिलाच. वर्षभर रोज सुई टोचून घेऊन जागा तीच राहिली, तर त्याला काय वाटत असेल? हे गणित त्याला कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं: मित्रांची वाढ सोळा-सतराला थांबत येईल आणि हाडांचं वय (एक्स-रेत हाडं किती वर्षांच्या मुलासारखी दिसतात ते) मागे असेल तर त्याची त्यानंतरही चालू राहील. डाव्या मनगटाचा एक्स-रे तुमच्या फाइलमध्ये असेलच. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो मुलासमोर धरून दाखवायला सांगा. स्वतःच्या हाडांतल्या मोकळ्या वाढ-पट्ट्या, म्हणजे हाड जिथून लांबीला वाढतं त्या जागा, डोळ्यांनी पाहिल्या की मुलाला जे पटतं, ते आपल्या शंभर वेळा सांगण्याने पटत नाही.

दुसरी शक्यता आईजवळ तो बोलणार नाही, म्हणून आम्ही बोलतो. हार्मोन कमी असलेली पुष्कळ मुलं उशिरा वयात येतात. मित्रांचा आवाज फुटला, मिसरूड आलं आणि आपण अजून पोरच, हे दुःख अनेकदा उंचीपेक्षा मोठं असतं. सहल टाळण्यामागे एकत्र आंघोळ आणि कपडे बदलणं असू शकतं. डॉक्टर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मण्यांची एक माळ वापरून वृषणांचा आकार मोजतात. वयाच्या 14 व्या वर्षापर्यंत तो 4 मिलिलिटरलाही पोचला नसेल तर वयात येणं लांबलं आहे असं मानतात. त्यावर काही महिने कमी मात्रेत टेस्टोस्टेरॉन देण्याचा मार्ग असतो, पण तो ठरवणार तज्ज्ञच. बाबांनी किंवा त्याचा जीव असलेल्या एखाद्या काकाने हा विषय काढावा आणि डॉक्टरांकडे दहा मिनिटं त्याला एकट्याला आत बसू द्यावं.

कमी उंचीच्या मुलांचं जगणं कसं चाललंय हे मोजायला युरोपातल्या पाच देशांनी मिळून एक प्रश्नावली तयार केली आहे, तिला थोडक्यात क्वॉलिसी म्हणतात. 8 ते 18 वर्षांची मुलं ती स्वतः भरतात आणि पालकांसाठी वेगळी प्रत असते. शरीराने काय जमतं, चारचौघांत कसं वाटतं, मनात काय चालतं या तिच्या मुख्य बाजू. त्याशिवाय मूल परिस्थितीला कसं तोंड देतं आणि उपचाराचा त्रास किती, हेही ती विचारते. अशा मोजणीतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. पालकांचं उत्तर आणि मुलाचं उत्तर जुळत नाही, आणि किती सेंटिमीटर वाढला यावरून मूल किती आनंदात आहे हे खात्रीने सांगता येत नाही. चिडवणं किती, मित्र किती जवळचे, घरचे त्याला वयाप्रमाणे वागवतात की उंचीप्रमाणे, यावर बरंच अवलंबून असतं.

म्हणून त्याला "काय झालंय तुला?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "काही नाही" हेच येतं. नेमकं विचारा. मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसतोस? क्रिकेटमध्ये बॅटिंग कितव्या नंबरला येते? वाटेत कोण काय म्हणतं? गावात प्रेमाने म्हणून विचारलेलं "काय रे, अजून इतकोच?" हे वाक्य त्याने वर्षभरात किती वेळा ऐकलं असेल ते कळलं की तुम्हीच शेजाऱ्यांना थांबवाल.

घरातही तपासा. साडेतेरा वर्षांचा मुलगा एकटा एसटीने तालुक्याला जाऊ शकतो, बाजार करू शकतो, धाकट्या भावंडाला शाळेत सोडू शकतो. तो दहाचा दिसतो म्हणून दहाची कामं आणि दहाचे लाड मिळाले, तर तो दहाचाच राहतो. कपडे लहान मुलांच्या विभागातून न घेता मोठ्यांच्या कापडाचे शिंप्याकडून शिवून घ्या. आणि दर रविवारी दारामागे उभं करून मोजणं आजच बंद करा. माणसाची उंची सकाळपेक्षा संध्याकाळी जवळपास सेंटिमीटरभर कमी भरते, त्यामुळे आठवड्याची मोजणी वाढ दाखवत नाही, नुसता घोर लावते. तीन महिन्यांनी एकदा, सकाळी, अनवाणी, टाचा-कुल्ले-पाठ भिंतीला लावून मोजलं तर पुरे.

जेवण-झोप उडाली, अभ्यास एकदम ढासळला, जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं.

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची, टर्नर सिंड्रोम (मुलींमधला जन्मजात गुणसूत्र-दोष) आहे. इंजेक्शन आता स्वतः घेते, "घेतलं" म्हणून सांगते. पण पेन (औषध भरलेलं, पेनासारखं इंजेक्शन) संपायच्या दिवशी संपत नाही. ओरडलं की रडते. काय करावं? (पालक, गुहागर)

आधी हिशोब पाहू, म्हणजे संशय नको. समजा तिचं वजन 30 किलो आहे आणि टर्नरमध्ये बहुधा देतात त्या मानाने डोस दिवसाला 1.5 मिलिग्रॅम आहे. 15 मिलिग्रॅमचं पेन 10 रात्री पुरायला हवं. नवीन पेन लावताना हवा काढण्यात थोडं जातं, तेवढा फरक धरा. तेराव्या-चौदाव्या रात्रीही त्यात औषध असेल तर तीन-चार रात्री चुकल्या आहेत. हे गणित तिच्यावर आरोप म्हणून मांडू नका. किशोरवयात डोस चुकणं इतकं सर्रास आहे, की वाढ मंदावली तर मात्रा वाढवण्याआधी डॉक्टर हाच प्रश्न विचारतात. पेन संपल्याची तारीख कॅलेंडरवर तिनेच लिहावी.

मग कारण शोधा. जळजळ हे एक असतं: फ्रिजमधून काढलेलं गार औषध टोचलं की चुरचुरतं. पेन दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, स्पिरिट लावलं असेल तर ते पूर्ण वाळू द्या. गाठी हे दुसरं: सोप्या वाटणाऱ्या एकाच मांडीवर रोज टोचलं की तिथली चरबी एक तर सुकते, नाहीतर घट्ट होते, औषध नीट शोषलं जात नाही आणि दुखतंही. सोमवारी उजवी मांडी, मंगळवारी डावी, मग पोटाची उजवी बाजू, मग डावी, असा फेरा ठेवा आणि प्रत्येक भागातही जागा दोन बोटं सरकवा. सुई दर वेळी नवी, 4 किंवा 5 मिलिमीटरची. वापरलेली सुई बोथट होते आणि पेनवर तशीच ठेवली तर आत हवा शिरते. बटण पूर्ण दाबून मनात सावकाश दहा आकडे मोजायचे आणि मगच सुई बाहेर काढायची. घाईने काढली की टोकाशी थेंब लोंबतो, म्हणजे तेवढा डोस वाया. पेन जोरात हलवायचं नाही, फेस येतो आणि औषध बिघडतं. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात, झाकण लावून. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचं नसतं, नेहमीचाच डोस घ्यायचा.

तिसरं कारण लपवाछपवीचं. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, माजघरात आठ जणी झोपलेल्या, आणि चुलत बहिणींसमोर पेन काढायला तिला नको वाटतं. त्या दिवसांत तिला पाच मिनिटं दार लावून बसता येईल अशी जागा ठरवून ठेवा. रात्री उशिरा आरती-भजन असेल तर त्या दिवशी संध्याकाळी घेतलं तरी चालतं. रात्रीची वेळ चांगली, कारण शरीराचं स्वतःचं हार्मोन झोपेत स्रवतं, पण तास-दोन तास इकडेतिकडे झाले म्हणून डोस बुडवू नये.

आणि सगळी जबाबदारी पंधराव्या वर्षी तिच्यावर टाकून मोकळं होऊ नका. टोचणं तिचं, पण त्या वेळी शेजारी बसणं तुमचं. आठवड्यातून एक रात्र तिला अगदीच कंटाळा आला तर तुम्ही टोचा. जगात आता आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही आली आहेत. ती टर्नरसाठी आणि तुमच्या खिशासाठी योग्य आहेत का, हे तज्ज्ञांना विचारा.

टर्नरच्या मुलीबाबत आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. पाळी आपोआप येणं बहुतेकींच्या बाबतीत होत नाही, त्यासाठी साधारण 11-12 व्या वर्षापासून थोड्या मात्रेत इस्ट्रोजेन सुरू करतात. वाढीच्या इंजेक्शनाच्या नादात हे मागे पडलं असेल तर पंधरा हे वय उशिराचं आहे, लगेच विचारा. हृदयाची इको, रक्तदाब, थायरॉइड आणि कानांची तपासणी यांनाही सुट्टी नाही. तिला तिच्या आजाराचं नाव आणि पुढे मूल होण्याविषयीची खरी माहिती डॉक्टरांच्या मदतीने, टप्प्याटप्प्याने, आत्ताच द्या. तिच्या हातात मोबाइल आहे. ती एकटीने रात्री शोधून घाबरण्यापेक्षा तुमच्या शेजारी बसून ऐकणं बरं.

प्रश्न : पावसात आमच्याकडे दोन-दोन दिवस लाइट नसते. निसर्ग वादळात तर कितीतरी दिवस नव्हती. औषध कसं टिकवायचं? (मंडणगड)

न उघडलेलं औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. काही कंपन्यांची उघडलेली पेनं 25 अंशांखाली काही दिवस बाहेर चालतात, ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. पण आपल्या किनाऱ्यावर श्रावणातली रात्रसुद्धा 25 च्या आसपास असते आणि मे महिन्यात तर प्रश्नच नाही, त्यामुळे त्या सवलतीवर विसंबू नका.

लाइट गेली की फ्रिजचं दार उघडू नका. बंद फ्रिज चार तास तरी गारवा धरतो. पुढची सोय रुंद तोंडाच्या थर्मासची: तळाला बर्फ किंवा गोठवलेल्या जेल-पिशव्या, त्यावर जाड टॉवेलची घडी, त्यावर झिपच्या पिशवीत पेन. बर्फ पेनला टेकता कामा नये. एकदा गोठलेलं औषध वितळून साफ दिसलं तरी निकामी झालेलं असतं, ते टाकूनच द्यायचं. गढूळ दिसलं तरी तेच. बर्फ संपला तर मासळी बाजारात किंवा बंदरावर मिळतो, दिवसातून दोनदा बदला. माठ किंवा ओल्या फडक्यात ठेवण्याचा घाटावरचा उपाय आपल्याकडे चालत नाही, कारण दमट हवेत पाणी उडत नाही आणि गारवा येत नाही. एरवीही पेन फ्रिजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका, मधल्या खणात डब्यात ठेवा. पावसाळ्याआधी इन्व्हर्टर असलेल्या औषध दुकानदाराशी बोलून ठेवा आणि जूनमध्ये तीन महिन्यांचा साठा एकदम भरू नका.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा, 132 सेंटिमीटर. माझी उंची 160, पत्नीची 148. थायरॉइड, रक्त, सगळं नॉर्मल. हाडांचं वय दहा. गेल्या वर्षी 5 सेंटिमीटर वाढला. ओळखीतले म्हणतात इंजेक्शन सुरू करा, कोणी पावडर सांगतं, कोणी बारला लटकायला. (मालवण)

आई-वडिलांच्या उंचीवरून मुलाचा अंदाज काढता येतो. मुलगा असेल तर दोघांच्या बेरजेत 13 मिळवायचे आणि दोनाने भागायचं, मुलगी असेल तर 13 वजा करायचे. तुमच्या मुलाचा आकडा 160.5 येतो, वर-खाली सात-आठ सेंटिमीटर धरा. हाडं दोन वर्षं मागे आहेत, म्हणजे वाढायला वेळ शिल्लक आहे. वयात येण्यापूर्वी वर्षाला 5 सेंटिमीटर ही ठीक वाढ. पत्रावरून हा घराण्याची ठेवण आणि उशिरा वाढणारा असा दोन्हींचा मेळ दिसतो, आजार दिसत नाही. सहा-सहा महिन्यांनी भारतीय मुलांच्या 2015 च्या वाढ-तक्त्यावर नोंद ठेवा. रेषा सोडून खाली घसरू लागला किंवा वर्षाची वाढ 4 च्या आत आली तर बालरोग-हार्मोन तज्ज्ञांकडे जा. सीलिअ‍ॅक आजाराची रक्ततपासणी झाली नसेल तर करून घ्या. गव्हाच्या ग्लूटेनने आतडं बिघडतं आणि पोटाची काहीच तक्रार नसतानाही उंची अडते. भात खाणाऱ्या घरातही बिस्किट-पाव-चपाती असतातच.

हार्मोनची कमतरता नसलेल्या मुलाला इंजेक्शन दिलं तर काही वर्षं रोज टोचून शेवटच्या उंचीत सरासरी 4 ते 6 सेंटिमीटरची भर पडते, काहींना जास्त, काहींना काहीच नाही. त्याने मूल अधिक समाधानी होतं याचा भरवशाचा पुरावा नाही. उलट रोजची सुई त्याला रोज सांगते की तुझ्यात काहीतरी कमी आहे. मूल स्वतः आनंदात असेल, खेळत असेल, तर आम्ही हे सुचवणार नाही. मुलालाच टोकाचा त्रास होत असेल तर तज्ज्ञांशी बोलण्यात वावगं नाही, पण आकडे त्याच्यासमोर ठेवून.

पावडरीने उंची वाढत नाही, लटकण्यानेही नाही. घटक न छापलेल्या पावडरी आणि गोळ्या तर घरात आणूच नका. त्यात स्टेरॉइड असेल तर वाढ उलट खुंटते किंवा वाढ-पट्ट्या लवकर बंद होतात. त्यापेक्षा बांगडा, तारली, अंडं, कुळथाचं पिठलं, पोटभर जेवण आणि नऊ तास झोप.

प्रश्न : माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी आहे. शिक्षक म्हणून काय करू? (चिपळूण)

रांग उंचीप्रमाणे लावू नका, हजेरीच्या क्रमाने लावा. एवढ्याने निम्मा त्रास जातो. स्नेहसंमेलनात त्याला दर वर्षी बाळकृष्ण किंवा छोटा मुलगा करू नका. खो-खोत चपळाई उपयोगी पडते, बुद्धिबळ आणि कॅरमला उंची लागत नाही, पण त्याला व्हॉलीबॉल आवडत असेल तर तोही खेळू द्या. बाकावर बसल्यावर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा, तासभर लोंबलेले पाय बधिर होतात. बुटक्या, टिल्लू ही नावं वर्गात पहिल्यांदा कानावर आली त्याच दिवशी थांबवा, आणि ते त्याला पुढे उभं न करता.

गोपाळकाल्याला सगळ्या पथकांना वरच्या थरासाठी तोच हवा असतो. 14 वर्षांखालील मुलांना थरांत घेता येत नाही हे पथकांना ठाऊक असतं, म्हणून 15 वर्षांचा पण दहाचा दिसणारा मुलगा त्यांना सोयीचा. त्याला मनापासून चढायचंय की नाही म्हणता येत नाही, हे तुम्ही बाजूला घेऊन विचारा.

प्रश्न : खर्च झेपत नाही. काही योजना? आणि हे किती वर्षं चालणार? (अलिबाग)

डोस वजनावर असतो, त्यामुळे मूल वाढतं तसा खर्च वाढतो. 20 किलोला महिन्याला 20 मिलिग्रॅम लागत असेल तर 40 किलोला 40. सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून शेवटच्या वर्षापर्यंतचा अंदाज मागा. वर्षभराने पैसे संपून थांबण्यात मुलाची फार मोठी निराशा असते. सिद्ध झालेली हार्मोनची कमतरता, टर्नर आणि प्रेडर-विली (हाही जन्मजात आनुवंशिक आजार) यांचा समावेश 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात आहे. त्यातली मदत ठरावीक केंद्रांमार्फत मिळते, मुंबईत केईएम रुग्णालय हे असं केंद्र आहे. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी घेता येते. वैद्यकीय किंवा आनुवंशिक कारणाने प्रौढपणी उंची 147 सेंटिमीटर किंवा त्याहून कमी राहिली, तर 2016 च्या कायद्यानुसार ते दिव्यांगत्व ठरतं. प्रमाणपत्र घ्यायचं की नाही हा निर्णय मात्र त्या मुलाचा किंवा मुलीचा.

वाढ वर्षाला 2 सेंटिमीटरच्या खाली आली, किंवा हाडांचं वय मुलीत 14 आणि मुलात 16 च्या आसपास पोचलं, की उंचीसाठीचं इंजेक्शन थांबवतात. हार्मोनची कमतरता असलेल्यांची मग पुन्हा तपासणी होते, कारण काहींना मोठेपणीही थोड्या मात्रेत ते लागतं. ज्यांना पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीची इतर हार्मोनंही कमी आहेत, त्यांच्या थायरॉइड आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या यासोबत कधीही थांबत नाहीत. ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोन डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे दुप्पट-तिप्पट करायचं, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर तडक दवाखाना गाठायचा. इंजेक्शन चालू असताना डोकं फार दुखून उलट्या किंवा अंधुक दिसणं, मूल लंगडणं, कंबर-गुडघा दुखणं, खूप तहान आणि लघवी, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचं खुब्याचं हाड सरकलेलं असू शकतं, म्हणून मालिश न करता आधी खुब्याचा एक्स-रे.